भरतीच्या मेडिकलमध्ये अनफिट झालात? तुमचा अनुभव इथे लिहा

(धागाकर्ता)

आर्मी भरतीत माझी सोळाशे मीटरची धाव ५ मिनिटं २२ सेकंदांत निघाली होती. बीमवर १० पुलअप मारले, नऊ फुटी खड्डा पहिल्या उडीत, झिगझॅग बॅलन्स पण क्लिअर, म्हणजे ग्राउंडचे १०० पैकी १००. ही २०१८ ची गोष्ट. साताऱ्याच्या आमच्या पट्ट्यात भरतीची पोरं म्हणजे काय हे कुणाला वेगळं सांगायला नको, अपशिंगे मिलिटरी हे फौजींचं गाव आमच्यापासून लांब नाही, आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते आणि मी आठवीपासून पहाटे साडेचारला कॅनॉलच्या रस्त्यानं पळायचो.

मेडिकलला चड्डीवर रांगेत उभं केलं. डॉक्टर साहेब म्हणाले पाय जोड. माझे गुडघे आधी टेकले आणि घोटे लांबच राहिले. ते म्हणाले घोटे जोड, मी जोर लावला तर एक गुडघा दुसऱ्याच्या पुढं सरकला. मग त्यांनी दोन्ही घोट्यांच्या मध्ये पट्टी धरली. ५ सेंटिमीटरपर्यंत चालतं, माझं ७ भरलं. नॉकनी. एवढं सगळं व्हायला एक मिनिट पण लागलं नसेल.

रिव्ह्यूला, म्हणजे फेरतपासणीला, मिलिटरी हॉस्पिटलला जायची चिठ्ठी मिळाली. मधल्या दिवसांत कुणीतरी सांगितलं म्हणून गुडघ्यांच्या मध्ये उशी आणि घोटे बांधून झोपायचो. गाठ आजोबा मारून द्यायचे, त्यांच्या पंचानं, काही न बोलता. रिव्ह्यूला परत तेवढंच भरलं. हाड हाय ते, पंचानं बांधून काय सरळ होणार.

मला राग डॉक्टरांचा कधीच आला नाही. दीड वर्ष अकॅडमीत होतो, फी भरत होतो, पण त्या दीड वर्षात एकदा पण कुणी म्हणालं नाही की पाय जोडून उभा रहा बघू. माझं मलाच सुचलं नाही याचं पण वाईट वाटतं. आता गावातल्या पोरांचं ग्राउंड मीच घेतो, आणि पहिल्या दिवशी पळायला लावायच्या आधी पाय जोडायला लावतो.

म्हणून हा धागा. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स, ऑफिसर एंट्री, काहीही असो. कशात अनफिट झालात, ते आधी घरी कळलं असतं का, आणि पुढं काय केलं, मोकळेपणानं लिहा.

हिरण्यकेशी

मी गडहिंग्लज भागातला, आमच्यात संकेश्वरी मिरची असते. लहानपणी तोडणीला गेलो की आई मला ओरडायची, हिरवी का तोडतोस म्हणून. मला वाटायचं आपलं लक्ष नसतंय. नंतर नंतर मी मिरची हातानं चाचपून तोडायला शिकलो, पिकलेली जरा वेगळी लागती हाताला. मामाचं पण सेम, त्याला घरात सगळे धांदरट म्हणायचे. पण याला काही नाव असतंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

मेडिकलला एक पुस्तक दाखवतात, इशिहारा म्हणतात त्याला, पानावर नुसते रंगीत ठिपके आणि त्यात आकडा लपवलेला असतो. पहिलं पान १२, ते सगळ्यांनाच दिसतं, मी जोरात १२ म्हणालो. दुसऱ्या पानावर मी म्हणालो ३. माझ्या मागचा पोरगा खांद्यावरून बघत होता, तो दचकून माझ्याकडं बघायला लागला, कारण तिथं ८ होता. त्याच्यापुढची दोन तीन पानं तर नुसतेच ठिपके. डॉक्टर चांगले होते, थांबून परत दाखवलं, मग विचारलं आईच्या माहेरी कुणाला आहे का. मी मामा म्हणालो. ते म्हणाले याला रंगांधळेपणा म्हणतात, हे आईकडून मुलाकडं येतं, आईला स्वतःला बहुतेक वेळा काही त्रास नसतो, आणि याच्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही.

घरी येऊन हे सांगितल्यावर आई दोन दिवस जेवली नाही, माझ्यामुळं झालं म्हणत बसली. भरतीपेक्षा मला ते जास्त लागलं. मामा मात्र पन्नाशीत पहिल्यांदा मोकळा झाल्यासारखा बोलला, म्हणाला म्हणजे मी धांदरट नव्हतो. ज्यांच्या घरात असं कुणी असेल त्यांनी दहावीतच डोळ्याच्या डॉक्टरकडं हे पुस्तक वाचून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. कारण नंतर मी रेल्वेत लोको पायलटचं बघितलं तर तिथं पण हीच टेस्ट. शेवटी कॉमर्स केलं, आता पतसंस्थेत आहे.

सावली

दादा, मी एका मुलाची आई आहे, लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

माझ्या मुलाला सहावीत असताना फिट आली. मग अजून दोन वेळा. तीन वर्षं गोळ्या चालू होत्या, नंतर बंद झाल्या, परत कधी आली नाही. तो पळायचा, पोहायचा, अंगानं दणकट, त्यामुळं आम्ही पण विसरल्यासारखेच झालो होतो. बारावीनंतर भरतीला निघाला तेव्हा त्याला तिथल्या एका सरांनी सांगितलं की विचारलं तर नाही म्हणायचं, फिट काय तपासणीत दिसत नाही. घरात पण सगळ्यांचं तेच, की कशाला सांगायचं, एवढी वर्षं झाली.

मला झोप लागेना. माझा भाऊ फौजेत होता, तो सुट्टीवर आला की रात्रीच्या पहाऱ्याचं सांगायचा, चोवीस चोवीस तास जागरण, हातात भरलेली रायफल, शेजारी दोनच माणसं. मी मनात तेच बघायचे, की याला तिथं फिट आली तर. याचं काय होईल, आणि त्या दोघांचं काय होईल, ती पण कुणाची तरी पोरंच ना. मी त्याला बसवून सांगितलं, बाळा, खोटं लिहून जायचं नाही. तो एवढंच म्हणाला, मग जायलाच नको ना आई. मी हो म्हणाले. फॉर्म भरलेला होता, ग्राउंडला गेलाच नाही तो.

वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्या वर्षाचं मी काय लिहू. दिवाळीला किल्ला करताना दरवर्षी मावळे मांडायचा, त्या वर्षी किल्लाच केला नाही. आता तो जिल्ह्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. मध्ये एकदा रक्त तपासायला आलेल्या भरतीच्या पोरांना हाच विचारत होता, लहानपणी काही आजार होता का रे, लपवू नका. मी ऐकलं ते.

घाटमाथा

सावलीताई, तुमचं वाचून हात जोडले.

माझं अगदी छोटं आहे. कानात मळ म्हणून अडकलो. खरंच. नोटीसमध्ये लिहिलेलं असतं की कान साफ करून या, मी वाचलं नव्हतं. पडदा दिसत नाही म्हणून टेम्पररी अनफिट, मग गावी येऊन कानाच्या डॉक्टरकडून साफ करून रिव्ह्यूला गेलो आणि फिट. आज बारावं वर्ष सर्व्हिसचं. दातांचं पण बघा, त्यांचे डेंटल पॉईंट असतात, २२ पैकी १४ लागतात, किडलेले दात आधी भरून घ्या.

तांबडीमाती

आमच्यातलं कुणी बोलत नाही म्हणून मी लिहितो. मला हायड्रोसिल निघाला, म्हणजे अंडकोषात पाणी साठलेलं. तपासताना डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करून ये, बरा झालास की पुढच्या भरतीला ये, हे काही कायमचं अनफिट नाही. पण मला घरी सांगायचीच लाज वाटली. वडिलांना सांगितलं वजन कमी भरलं. तेवढ्यात ग्राउंडच्या बाहेर एकजण भेटला, म्हणाला मेडिकल मी सेट करतो, वरपर्यंत ओळख आहे. दीड लाख दिले. आईच्या पाटल्या आणि एक म्हैस. तो माणूस परत फोनवर कधी आलाच नाही.

ऑपरेशनला त्याच्या पाव पट पैसे पण लागले नसते. मी ते पुढच्या वर्षी केलं, तोपर्यंत कोरोना आला आणि दोन वर्षं भरतीच झाली नाही. २०२२ ला अग्निवीर आलं, त्या एका वर्षासाठी वय २३ पर्यंत वाढवलं पण मी त्याच्याही पलीकडं गेलो होतो. बाबांना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. ते अजून लोकांना सांगतात, पोराचं वजन थोडक्यात हुकलं.

पुणेरीसकाळ

ऑफिसर एंट्रीवालं कुणी नाही म्हणून लिहिते. सीडीएस म्हणजे ऑफिसर भरतीची लेखी परीक्षा, ती दोनदा दिली, तिसऱ्यांदा एसएसबीत, म्हणजे त्यानंतरच्या निवड मुलाखतीत, रेकमेंड झाले. पाच दिवस, एवढ्या मुलींमधून आम्ही तिघीच राहिलो होतो, बाबांना फोन केला तर त्यांना बोलताच येईना.

मला चष्मा होता साडेपाचचा. मी आधीच लेसिक करून घेतलं होतं, वयाची २० वर्षं पूर्ण झाल्यावर, वर्षभर थांबून, सगळं नियमानं. मेडिकलला नंबर शून्य आला. आणि मग त्यांनी डोळ्याची लांबी मोजली. हो, बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत डोळा किती लांब आहे ते. मर्यादा २६ मिलिमीटर, माझा एक २६.४ आणि दुसरा २६.३. जास्त मायनस नंबर असलेल्यांचा डोळा बहुतेक वेळा मुळातच लांब असतो, आणि लेसिकनं फक्त पुढचा काचेसारखा भाग घासतात, मागची लांबी आहे तेवढीच राहते. अशा ताणलेल्या डोळ्यात पडदा सुटायचा धोका जास्त असतो म्हणून हा नियम. माझं ऑपरेशन ज्यांनी केलं त्यांना मी स्पष्ट सांगितलं होतं की आर्मीसाठी करतेय. लांबी त्यांच्याकडच्या मशीनवर तेव्हाच मोजता आली असती. मोजली पण असेल, मला कुणी सांगितलं नाही.

अपील करता येतं, ४२ दिवसांत अपील मेडिकल बोर्डापुढं जावं लागतं. मी गेले. तिथल्या मॅडमनी तीन वेळा मोजलं, प्रत्येक डोळा तीन वेळा, आणि तिसऱ्या वेळी माझा हात धरला. तेवढ्यावरूनच कळलं मला. ज्या मुलींना मोठा नंबर आहे त्यांनी लेसिकच्या आधी ए-स्कॅन किंवा बायोमेट्री (डोळ्याची लांबी मोजायची तपासणी) हा शब्द उच्चारून रिपोर्ट हातात मागा, प्लीज. बाकी पुढचं काय केलं ते आत्ता लिहवत नाही, परत कधीतरी.

जुनाफौजी

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, १७ वर्षं केली, भरतीच्या मेडिकलला मदतनीस म्हणून कितीतरी वेळा उभा राहिलोय. पोरं बाहेर येऊन रडायची ते आम्ही बघायचो, कुणाला त्याचं सुख नव्हतं.

कारणं सांगतो म्हणजे राग जाईल. वीस पंचवीस किलो पाठीवर घेऊन महिनोन् महिने चढ उतार करायचा असतो, गुडघा वाकडा असला की भार एका बाजूला पडतो आणि आतली गादी झिजते. सोळाशे मारताना हे कळत नाही, सोळाशेला साडेपाच मिनिटं लागतात, नोकरी पंधरा वीस वर्षांची असायची.

आता घरी काय बघायचं. शहाबादी फरशीवर ओला पाय ठेवून उमटवा. मध्ये पोकळी उमटली तर बरं. पूर्ण पाय उमटला तरी लगेच घाबरू नका, चवड्यांवर उभं राहा, तेव्हा कमान दिसत असेल, पाय मऊ लवचिक असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर पळता येत असेल तर चालतं. तेव्हाही कमान आली नाही तर कठीण आहे. टॅटू काढू नका, हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागं चालतो, बाकी अंगावर नाही. आदिवासी समाजातल्या पोरांना त्यांच्या रिवाजाच्या गोंदणाला सूट आहे, नंदुरबार गडचिरोलीची पोरं हे माहीत नसल्यानं उगाच येत नाहीत.

आणि तांबडीमाती, तू सांग वडिलांना. तुझ्यासारखी रांगेत दर भरतीला असायची पोरं. त्याच्यात लाजण्यासारखं काही नाही.

तांबडीमाती

काका, बघतो. या रविवारी गावी जाणार आहे.

नवीनपालवी

दादा मी अकरावीत आहे, वय १६. तुमचं वाचून आत्ताच आरशासमोर पाय जोडून बघितले. गुडघे टेकतात आणि खाली गॅप राहते. कंपासच्या पट्टीनं मोजलं तर ६ येतंय. मी रोज १० किलोमीटर पळतो. काय करू.

(धागाकर्ता)

पहिलं म्हणजे स्वतः मोजलेलं पक्कं धरू नको, पट्टी तिरकी बसते, एक सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. घरच्यांना आजच सांग. मग तालुक्याला हाडाच्या डॉक्टरकडं जा आणि स्पष्ट विचार की गुडघ्याची वाढ अजून चालू आहे का, ते एक्स-रेत दिसतं. वाढ चालू असेल तर काही करता येतं का ते तेच सांगतील, वाढ थांबली असेल तर ते पण आत्ताच कळलेलं बरं, तुझ्यापुढं अजून बारावी आहे. पाय बांधून झोपू नको. पैसे मागणारा कुणी भेटला तर उठून ये तिथून.

पळणं मात्र सोडू नको, मी पण सोडलेलं नाही. जवळपासचा असशील तर ये, मी दोन्ही घोट्यांच्या मध्ये नीट पट्टी धरून मोजून देतो. पहाटे साडेपाचला असतो कॅनॉलवर.