कॉलिन काउंटी, टेक्सास: घर घेताना काय तपासावं?

प्रश्न: मॅकिनीत घर बघतोय. हप्त्याशिवाय काय खर्च धरू?

उत्तर १: राज्याचा आयकर नाही, पण मालमत्ता कर जबर. किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास धरा. नव्या वसाहतीत एमयूडी (पाणी-सांडपाणी सोयींसाठीचा कर) आणि पीआयडी (परिसर सुधारणांसाठीची आकारणी) यांचा बोजा वेगळा. सही करण्याआधी विचारा. राहायला गेल्यावर होमस्टेडचा, म्हणजे स्वतः राहत असलेल्या घरावरच्या करसवलतीचा, अर्ज भराच. शाळा करासाठी मूल्यातून १,४०,००० डॉलर वजा होतात आणि पुढच्या वर्षापासून करपात्र मूल्याच्या वार्षिक वाढीला १० टक्क्यांची मर्यादा लागते.

उत्तर २: जमीन बघा! विदर्भासारखीच काळी चिकणमाती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया हलतो, दारं अडकतात, भिंतींना तिरपे तडे जातात. माती सुकू नये म्हणून पायापासून दीड फुटावर पाणी झिरपवणारी नळी टाका. गारपिटीच्या विम्यात छताची वजावट (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा भाग) बहुधा टक्क्यांत असते, ती नीट वाचा.

उत्तर ३: याच काउंटीतल्या प्लेनो शहरात टोयोटाचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय, नोकऱ्या भरपूर. मात्र गाडीशिवाय भागत नाही, टोलही धरा.