कारभार आप्पांकडे, कष्ट माझ्याकडे : दोघांनी मिळून शेती कशी चालवावी?

येळ्ळूर शिवार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची जमीन बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला आहे. पावसाळ्यात भात आणि भाताच्या मागे ओलीवर मसूर, हरभरा, अशी दोन पिके आम्ही घेतो. थोडी बासमती आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेने राखली आहे, बाकी सगळी इंद्रायणी. आप्पांचे वय ७२ आहे. मी उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि पाळी संपली की शेतात जातो. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे आणि अक्का खानापूर तालुक्यात दिलेली आहे. नांगरटीपासून पोती घरात येईपर्यंतचे काम गेली काही वर्षे माझ्याकडेच आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार एवढीच की कोणते वाण घ्यायचे, केव्हा पेरायचे, भात कोणत्या व्यापाऱ्याला घालायचे आणि सोसायटीचे कर्ज किती उचलायचे, यांपैकी एकाही गोष्टीत माझा शब्द विचारला जात नाही.

गेल्या हंगामात मी सुचवले होते की निदान वरच्या तुकड्यात यंत्राने रोप लावण करून पाहू. आप्पांनी रोहिणी लागताच नेहमीप्रमाणे कुरीने (पाभरीने) धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, उरकून घेतली आणि ती झाल्याचे मला शेजारच्या शेतकऱ्याकडून कळले, कारण त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. पुढे नाल्याचे पाणी शिवारात शिरले, खालच्या पट्ट्यातले भात कुजले आणि वरचे वाचले. आप्पा म्हणतात, पेरलेल्या भाताने मूळ धरले होते म्हणून वरचे वाचले. मी म्हणतो, वरच्या तुकड्यात पाणी चढतच नाही, तेव्हा तिथे काहीही केले असते तरी ते वाचलेच असते. हा वाद आजही मिटलेला नाही.

खरी अडचण मात्र कागदांची आहे. आमचा एक सर्व्हे नंबर आप्पांच्या नावावर आहे आणि दुसरा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावरच आहे. आप्पांना कन्नड वाचता येत नाही, मला शाळेत शिकल्यामुळे येते, म्हणून सोसायटीची किंवा तहसीलदार कचेरीची नोटीस आली की ते मला हाक मारतात. पत्र्याची पेटी उघडतात, बियाण्याच्या कापडी पिशवीतून जमिनीचा उतारा काढतात, बोटाने ओळ दाखवतात, माझ्याकडून वाचून घेतात आणि घडी मोडू न देता तो पुन्हा पिशवीत घालतात. उताऱ्यावर काय लिहिले आहे ते मला कळते, पण तो नंबर नेमक्या कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. मी सहज जरी म्हटले, “आप्पा, कागद जरा नीट बघून ठेवतो,” तरी वाटणी मागितल्यासारखे घर गप्प होते.

मला वाटणी नको आहे. त्यांच्या हयातीत, त्यांच्या सोबतीने कारभार शिकायचा आहे. हे त्यांना न दुखावता कसे सांगावे?

शहापूरचा जुना शेतकरी

तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात आप्पा पीक आणि पाण्याबद्दल काय म्हणतात ते आले आहे, पण कागदाबद्दल ते काय म्हणतात ते एकदाही आलेले नाही. ते काही बोलतच नाहीत, असा याचा अर्थ मी घेतो, आणि जो माणूस पेरणीवर तावातावाने वाद घालतो तो कागदाचा विषय निघताच गप्प बसत असेल, तर त्या गप्प बसण्याला तुमच्यापेक्षा वेगळे काही कारण असू शकते. ते आधी शोधा.

आता शेतीबद्दल. आम्हा म्हाताऱ्यांना भीती कामाची नसते, विचारपूस बंद होण्याची असते. आमच्याच गल्लीत असे लोक आहेत की ज्यांनी सगळे मुलांच्या हाती दिले आणि पुढच्या वर्षी बी कोणते आणले हे त्यांना खळ्यावर कळले. तुम्हाला धूळपेरणी शेजाऱ्याकडून कळली तेव्हा जसे वाटले, तसेच त्यांना वाटते. तेव्हा “कारभार द्या” असे मोघम मागू नका. वरचा तुकडा एका हंगामासाठी मागा, आणि तो पूर्ण मागा, म्हणजे बी, खत, मजुरी, विक्री आणि तोटासुद्धा तुमचा. तोटा झाला तर पगारातून भरून देईन असे आधीच सांगा. नुसती सल्ला देणारी मुले आम्हाला खूप दिसतात, तोटा अंगावर घेणारी कमी. आणि खालच्या पट्ट्यात त्यांचेच चालू द्या, कारण नाल्याचे पाणी कुठे थांबते आणि कुठून वळते हे ज्याने जन्मभर पाहिले आहे त्याचे ज्ञान कोणत्याही यंत्राबरोबर मिळत नाही. बासमतीलाही हात लावू नका. ते पीक उंच वाढते, वाऱ्याने लोळते, उत्पन्न कमी देते, हे त्यांनाही माहीत आहे, तरी ते त्यांनी हौसेने राखले आहे.

निपाणी भाग

मी वेगळे मत मांडतो. आमच्याकडे तंबाखू गेला, ऊस आला, पण एक गोष्ट बदलली नाही. वडील हयात असेपर्यंत मुलगा हा घरचा गडी, आणि वडील गेल्यावर एकदम मालक, मध्ये काहीच नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदा कर्जाचा अर्ज भरावा लागतो, तोही सुतकात. त्यामुळे “एक तुकडा मागा” हा उपाय मला अपुरा वाटतो, कारण पीककर्ज उताऱ्यावरच्या नावाला मिळते, राबणाऱ्याला मिळत नाही. कर्नाटक सरकारने २०२३ साली बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली, पण ज्याचे नाव कागदावर नाही त्याला त्याचा उपयोग शून्य. माझे मत असे की स्वतःच्या नावावरचा नंबर आप्पांनी आजच बक्षीसपत्राने तुमच्या नावे करावा आणि मोकळे व्हावे.

निवृत्त महसूल कर्मचारी, बेळगाव

वरच्या सूचनेप्रमाणे घाईने बक्षीसपत्र करू नये, असा माझा सल्ला आहे. अनेक वर्षे कचेरीत हेच काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आप्पांना पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळत असतील, तर त्या योजनेसाठी जमिनीची मालकी १ फेब्रुवारी २०१९ या तारखेला कोणाकडे होती हे पाहिले जाते. त्यानंतर बक्षीसपत्राने जमीन आलेल्या नव्या मालकाला हप्ता मिळत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन तेवढी या अटीला अपवाद आहे. रक्कम मोठी नसली तरी म्हाताऱ्या माणसाच्या हातात स्वतःच्या नावाने येणारा तो पैसा असतो आणि पुष्कळ वडील जमीन नावे करायला का कचरतात याचे एक साधे कारण हेही आहे.

दुसरी गोष्ट संरक्षणाची. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मुलाला दिलेली मालमत्ता, तो सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. आपल्या जिल्ह्यात हा अर्ज उपविभागाधिकाऱ्यांकडे, म्हणजे लोक ज्यांना प्रांतसाहेब म्हणतात त्यांच्याकडे, बेळगाव, बैलहोंगल किंवा चिकोडी येथे करावा लागतो. ती अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहिलेली असणे केव्हाही श्रेयस्कर, कारण ती लिहिलेली नसल्यामुळे प्रकरणे वरच्या न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. मुलगा कितीही चांगला असला तरी ही अट घालावी, आणि चांगल्या मुलाने ती स्वतःहून सुचवावी.

पण तुमच्या घरची खरी गाठ आजोबांच्या नावावरच्या नंबरात आहे. तिथे तुम्ही आणि आप्पा एवढे दोघेच नाही. वारसा नोंदवायची तर आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडून नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) अर्ज द्यावा लागतो, आणि त्या वंशावळीत आजोबांची सगळी अपत्ये येतात. तुम्हाला आत्या असतील तर त्यांचीही नावे येतील. तेव्हा वडील पेटी का बंद करतात, याचे उत्तर तुमच्यात नसून त्यांच्या बहिणींत असू शकते. मी कचेरीत पाहिलेल्या रखडलेल्या वारसा नोंदींपैकी बऱ्याच नोंदी कागद नसल्यामुळे रखडलेल्या नव्हत्या. बहिणीसमोर तो विषय कसा काढावा हे भावाला सुचत नव्हते, म्हणून त्या रखडल्या होत्या.

खानापूरची सून, बेळगावची लेक

मी हे सगळे वाचत होते आणि वाट पाहत होते की अक्काचे नाव कोण काढते. शेवटी एका निवृत्त कर्मचाऱ्यांनी आत्यांचे काढले, त्याबद्दल त्यांचे आभार. येळ्ळूरकर, तुमची अक्का खानापूर तालुक्यात “दिलेली” आहे म्हणून ती हिशेबाबाहेर जात नाही. कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्या वेळी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद काढून टाकला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते हा प्रश्न उरत नाही.

हक्क सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझ्या माहेरी हक्कसोडपत्रावर आम्हा बहिणींच्या सह्या एका दुपारी घेतल्या, जेवण वाढले, साडी-चोळी दिली, आणि कागदात काय आहे ते कन्नडमध्ये असल्यामुळे आईला वाचताही आले नाही. मी वाचले आणि सही केली, कारण मला जमीन नको होती. पण आधी कोणी विचारले असते तर मी हेच आनंदाने सांगितले असते. सहीला बोलावणे आणि विचारायला येणे यांतला फरक माहेर सुटलेल्या बाईला नेमका कळतो.

आणखी एक. दोन पिढ्या म्हणजे केवळ बाप आणि मुलगा असे या चर्चेत सगळ्यांनी धरले आहे. तुमच्या शेतात भांगलण कोण करते? मसूर कोण उपटते? बियाण्याचा हरभरा राखेत घालून कोण ठेवते? तुमच्या आई आणि पत्नी यांच्यात ज्ञानाची देवघेव कदाचित कोणताही वाद न होता कधीच सुरू झाली असेल. आईला विचारून पाहा, पेटीत काय आहे हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता आहे.

येळ्ळूर शिवार (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आईलाच विचारले. मला दोन आत्या आहेत, एक कडोलीला आणि एक वडगावात. धाकट्या आत्याच्या लग्नात आजोबांनी स्वतःच्या नावावरच्या त्या नंबरातला एक पट्टा तिला तोंडी देऊ केला होता. तो कागदावर कधी आला नाही आणि आत्याने कधी मागितलाही नाही. तो पट्टा आम्हीच कसतो. आईच्या म्हणण्याप्रमाणे, वारसा नोंदवायचा म्हणजे वडगावच्या आत्यापुढे हे काढावे लागणार, म्हणून आप्पा इतकी वर्षे थांबले आहेत. मला यातले काहीच माहीत नव्हते आणि मी समजत होतो की त्यांचा माझ्यावर विश्वास नाही.

वरच्या तुकड्याबद्दल आप्पांशी बोललो. तोटा मी भरीन म्हटल्यावर त्यांनी विचारले, “आणि फायदा झाला तर?” त्यावर आम्ही दोघे हसलो, पण हो किंवा नाही असे त्यांनी अजून सांगितलेले नाही. आता विचारायचे एवढेच की आत्यांकडे मी एकट्याने जावे, की आप्पांना घेऊन जावे?

शहापूरचा जुना शेतकरी

एकट्याने अजिबात जाऊ नका. भाचा एकटा आला तर आत्याला वाटेल की भावाने सहीसाठी पाठवला. आप्पांना पुढे घाला आणि तुम्ही मागे बसा. कोरा अर्ज, वंशावळ, शिक्का असे काहीही सोबत नेऊ नका. आधी थोरल्या आत्याकडे, कडोलीला जा, कारण आजोबा काय बोलले होते ते धाकटीपेक्षा तिला नक्की आठवत असेल आणि तिचा शब्द दोघेही मानतील. अक्कालाही त्या दिवशी बोलावून घ्या.

निवृत्त महसूल कर्मचारी, बेळगाव

सहमत आहे, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. अर्ज नेऊ नका, पण त्या नंबराचा ताजा उतारा आणि नकाशा जरूर न्या आणि तो सर्वांसमोर मोठ्याने मराठीत वाचून दाखवा. तो पट्टा कोणत्या बांधापासून मोजायचा हे आप्पांना त्याच बैठकीत नकाशावर दाखवू द्या आणि तुम्ही तिथे पेन्सिलीने खूण करा. आत्याला तो पट्टा द्यायचा ठरले तर साध्या वारसा नोंदीने भागणार नाही. आधी सर्व वारसांची नावे लागतील, मग मोजणी, नोंदणीकृत वाटणीपत्र आणि पोटहिस्सा ही कामे करावी लागतील. ती खूण मोजणीदाराला दाखवण्यासाठी लागेल, तेव्हा नकाशाची ती प्रत जपून ठेवा.

येळ्ळूर शिवार (प्रश्नकर्ता)

समजले. मसुरीची काढणी उरकली की येत्या अमावस्येच्या सुट्टीला कडोलीला जाण्याचे ठरवले आहे. उतारा मी काढून आणतो असे आप्पांना सांगितले, तर ते म्हणाले, नाडकचेरीत मीही येतो.