टेस्ट हिरवी, पण ब्राउझरमध्ये फॉर्म सबमिटच होत नाही

प्रश्न (रावेर): राम राम मंडळी. केळी उत्पादकांच्या नोंदणीचा रिअ‍ॅक्ट फॉर्म आहे: नाव, तालुका, गट नंबर, मोबाइल. जेस्टमध्ये (जावास्क्रिप्टचं टेस्ट चालवणारं साधन) फायरइव्हेंट.सबमिट वापरून टेस्ट लिहिली, ती पास होते. ब्राउझरमध्ये मात्र ‘नोंदणी करा’ दाबलं तरी काहीच होत नाही. असं का?

उत्तर (धुळे): भाऊ, फायरइव्हेंट.सबमिट बटणाकडे बघतच नाही, थेट फॉर्मवर इव्हेंट सोडतं. रिक्वायर्ड (सक्तीचे) रकाने रिकामे असले तरी तुमचा हँडलर, म्हणजे सबमिट झाल्यावर चालणारं फंक्शन, चालतो. आधी बटणाचा टाइप बघा. ‘बटण’ असेल तर ‘सबमिट’ करा.

टेस्टमध्ये युजरइव्हेंट वापरा, ती लायब्ररी खऱ्या माणसासारखं टाइप आणि क्लिक करते. लेबलवरून रकाना शोधा, त्यात टाइप करा, मग बटणावर क्लिक. तिच्या आवृत्ती १४ पासून या सगळ्या क्रिया प्रॉमिस (नंतर पूर्ण होणाऱ्या कामाची हमी) देतात, त्यामुळे प्रत्येकीपुढे अवेट, म्हणजे ‘पूर्ण होईपर्यंत थांब’, हवाच. एखादा राहिला की अर्धवट भरलेला फॉर्म तपासला जातो.

रावेर: टाइप ‘बटण’च होता, बदलला. ब्राउझरमध्ये आता पान रिलोड होतं आणि टेस्टमध्ये जेएसडॉम (टेस्टसाठीचा नकली ब्राउझर) ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ म्हणतंय. ती ओळ दाबून टाकू का?

धुळे: अजिबात नको! हँडलरमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट, म्हणजे ब्राउझरला स्वतःहून फॉर्म पाठवण्यापासून अडवणारी ओळ, लिहायचा राहिलाय. जेएसडॉमला दुसऱ्या पानावर जाता येत नाही, म्हणून ते ओरडतं. रिलोडचं कारणही तीच राहिलेली ओळ.

उत्तर (जळगाव): मोबाइल नंबर रेजेक्सने (मजकुराचा साचा तपासणारा नियम) तपासत असाल तर एक टेस्ट देवनागरी अंकांची लिहाच. मराठी कीबोर्डवर ९८ असं टाइप होतं, आणि जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डी (रेजेक्समधली ‘अंक’ ही खूण) फक्त इंग्रजी अंक ओळखतो. नंबर फंक्शनही अशा अंकांना एनएएन (‘हा आकडा नाही’) देतं. देवनागरी ‘०’चा युनिकोड क्रमांक दशमानात २४०६ आहे. प्रत्येक देवनागरी अंकाच्या कोडमधून तो वजा केला की इंग्रजी अंक मिळतो. हे छोटं फंक्शन वेगळं काढा, त्याची टेस्ट फॉर्मशिवाय होते. गट नंबर मात्र मजकूर म्हणूनच ठेवा, ‘११२/२/अ’ हा आकडा नव्हे.

उत्तर (चोपडा): सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज गेली की माणूस बटण पुन्हा दाबतो, आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन नोंदी पडतात. नकली फेचमधून (सर्व्हरला माहिती पाठवणारं फंक्शन) आपण सांगेपर्यंत पूर्ण न होणारा प्रॉमिस द्या, दोनदा क्लिक करा, फेच एकदाच गेला ना बघा. मग तोच प्रॉमिस रिजेक्ट (अयशस्वी) करा: बटण परत चालू व्हायला हवं आणि भरलेली माहिती रकान्यांत तशीच राहायला हवी. दुसरी अट बहुतेक जण तपासत नाहीत, आणि शेतकऱ्याला सगळं नव्याने भरावं लागतं.