‘आभा’ क्रमांक काढला, पण आईचे रिपोर्ट कुठेच दिसत नाहीत

प्रश्न (कोथरूडकर)

माझी आई ७४ वर्षांची असून तिला बरीच वर्षे मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट बसवला आहे. तिचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि ईसीजीच्या पट्ट्या एका कापडी पिशवीत असतात आणि ती पिशवी आम्ही प्रत्येक डॉक्टरांकडे सोबत नेतो. गेल्या महिन्यात एका खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर आधार क्रमांक व ओटीपी घेऊन तिचा ‘आभा’ क्रमांक काढून देण्यात आला आणि ‘आता सगळे रिपोर्ट मोबाईलवर येतील’ असे सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे ॲप उघडले, तर त्यात काहीच नव्हते, आणि पिशवी घरी राहिल्यामुळे एचबीएवनसीची (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची) तपासणी पुन्हा करावी लागली. हे रिपोर्ट सरकारकडे जमा होतात का, आयुष्मान कार्ड आणि ‘आभा’ एकच आहे का, आणि ही पिशवी सांभाळण्याची गरज आता उरली आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (औंधगाव)

मी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करण्याच्या कामात आहे. पिशवी मुळीच टाकू नका.

आयुष्मान कार्ड हे विम्याचे कार्ड आहे आणि पात्र कुटुंबाला त्यावर उपचारांचा खर्च मिळतो. ‘आभा’ (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) हा केवळ १४ अंकी ओळख क्रमांक असून त्यावर एक रुपयाचाही लाभ मिळत नाही. दोन्ही योजना राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे असल्यामुळे आणि दोन्हींच्या नावात ‘आयुष्मान’ असल्यामुळे हा गोंधळ होतो. अशी नावे ठेवणाऱ्यांनी काउंटरवरच्या माणसाचा विचार केला नसावा.

‘आभा’ ज्या योजनेचा भाग आहे त्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत त्याची चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते देशभर लागू झाले. यात सर्व रिपोर्ट दिल्लीच्या एखाद्या संगणकात साठवले जात नाहीत. ज्या रुग्णालयाने किंवा लॅबने नोंद केली तिच्याकडेच ती राहते, ‘आभा’ केवळ त्या नोंदींचा पत्ता जोडून ठेवतो आणि दुसऱ्या डॉक्टरांनी मागणी केली की रुग्णाच्या संमतीने नोंद एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाते. संमती देताना कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या कालावधीतल्या आणि किती दिवसांसाठी दाखवायच्या, हे ठरवता येते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. मात्र त्या लॅबचे सॉफ्टवेअर या जाळ्याला जोडलेले नसेल, किंवा जोडलेले असूनही त्यांनी आईंचा क्रमांक रिपोर्टला जोडला नसेल, तर ॲप रिकामेच दिसणार.

शिवाय एका सॉफ्टवेअरची नोंद दुसऱ्याला वाचता यावी म्हणून सांकेतिक मानके (नोंदी लिहिण्याच्या ठरलेल्या समान पद्धती) लागतात, आणि त्यासाठीचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. रिपोर्टचा नुसता फोटो काढून चढवला तर तो माणसाला वाचता येतो, परंतु गेल्या पाच वर्षांत साखर कशी बदलली याचा आलेख संगणक त्यावरून सहज काढू शकत नाही.

एक सुचवतो. कोविडच्या लसीचे प्रमाणपत्र पाहा. लस घेताना आधार दाखवलेल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर ‘युएचआयडी’ म्हणून असाच १४ अंकी क्रमांक छापलेला आहे.

प्रतिसाद (सिंहगड रस्त्यावरील डॉक्टर)

वरील माहिती योग्य आहे, पण दवाखान्याची बाजूही मांडतो. माझ्याकडे संध्याकाळच्या तीन तासांत पन्नास-साठ रुग्ण येतात, एकेकाला जेमतेम तीन-चार मिनिटे मिळतात, आणि त्या वेळेत रुग्णाकडे पाहायचे की पडद्याकडे, हा माझ्यापुरता खरा प्रश्न आहे. औषधचिठ्ठी मी आजही हाताने लिहितो. २०२३ मध्ये डिजिटल नोंदींसाठी केंद्राची प्रोत्साहन योजना आली, परंतु नोंदी टाइप करणाऱ्या सहायकाचा पगार एका खोलीच्या दवाखान्याला परवडेलच असे नाही. क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीची नोंदणी करण्याची सोय मात्र मला मनापासून उपयुक्त वाटते, कारण नाव, वय, पत्ता सांगण्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही. तथापि, तेथे जमा होते ती रुग्णाची ओळख, त्याचा आजार नव्हे, आणि उद्घाटनाच्या भाषणांत हा फरक पुसट होतो.

प्रतिसाद (शनिवारवासी)

माझा आक्षेप कायद्यासंबंधी आहे. आरोग्याच्या माहितीसाठी ‘दिशा’ नावाचा स्वतंत्र मसुदा २०१८ मध्ये आला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्यविषयक माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा नाही, जो २०१९ च्या विधेयकात होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि तेथील काम अनेक दिवस कागदावर चालवावे लागले. माहिती एकाच जागी नाही हे चांगलेच, पण मग ज्या लहान लॅबकडे ती आहे तेथील संगणकाचा पासवर्ड कोण कोण जाणतो, हेही विचारायला हवे. ‘आभा’ ऐच्छिक आहे हे काउंटरवर सांगितले जात नाही, ही तर नेहमीचीच तक्रार.

कोथरूडकर

सर्वांची आभारी आहे. प्रमाणपत्र शोधले. त्यावरचा क्रमांक आणि काउंटरवर मिळालेला क्रमांक एकच निघाला, म्हणजे २०२१ पासून आईकडे तो होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. लॅबच्या बिलावर मात्र मोबाईल क्रमांक माझ्या भावाचा आहे आणि आईचे आडनाव इंग्रजीत वेगळ्या पद्धतीने लिहिलेले आहे. यामुळे काही अडले असेल का?

औंधगाव

नक्कीच अडू शकते. जुनी नोंद जोडताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल क्रमांक यांवरून रुग्णाची ओळख पटवली जाते. ती लॅब जाळ्याला जोडलेली आहे का हे आधी विचारा, असल्यास आईंचे आधारकार्ड नेऊन नाव आणि मोबाईल क्रमांक दुरुस्त करून घ्या आणि त्यानंतर ॲपमध्ये त्या लॅबचे नाव शोधून नोंदी जोडण्याचा प्रयत्न करा. स्टेंटचे डिस्चार्ज कार्ड मात्र आजच स्कॅन करून ॲपमध्ये स्वतः चढवून ठेवा. मध्यरात्री रुग्णालय गाठावे लागले तर डॉक्टर सर्वांत आधी तोच कागद मागतील.