पुरावर खेळ तयार करायचा आहे : सिरियस गेम डिझाइन कुठे आणि कसे शिकावे?

पंचगंगाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९ च्या महापुरात आमच्या शुक्रवार पेठेतील घरात छातीभर पाणी होते आणि २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. दोन्ही वेळा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकत असताना आमच्या गल्लीत प्रत्येक घरी एकच वाद चालू होता : आता निघायचे, की आणखी एक रात्र थांबून पाहायचे? माणसे हा निर्णय का लांबवतात, हे खेळणाऱ्याला स्वतः अनुभवता येईल असा खेळ मला तयार करायचा आहे, आणि त्यासाठी सिरियस गेम डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते.

मला प्रोग्रामिंग येते, चित्रकला मात्र अजिबात येत नाही. अशा विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो का? दुसरे असे की वडिलांचा विरोध नाही, पण दोन-अडीच वर्षांची फी भरून नेमके काय शिकायला मिळणार, हे मला त्यांना नीट सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मोक्षपट

मी या विषयाचा विद्यार्थी होतो आणि आता हेच काम करतो, म्हणून वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच महत्त्वाचा आहे.

करमणुकीपलीकडचा हेतू ठेवून रचलेला खेळ म्हणजे सिरियस गेम. क्लार्क ॲब्ट यांनी १९७० मध्ये हा शब्द रूढ केला, पण कल्पना त्याहून फार जुनी आहे; आपल्याकडचा सापशिडीसारखा मोक्षपट, ज्याचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते, तो दुसरे काय होता? या विद्येचा गाभा असा, की खेळणारा पडद्यावर लिहिलेल्या उपदेशातून फारसे शिकत नाही, तो नियमांतून शिकतो. आपण लहानपणी जो ‘व्यापार’ खेळलो, त्याचे मूळ एलिझाबेथ मॅगी यांच्या खेळात आहे. जमीनमालकांची मक्तेदारी भाडेकरूंना कशी पिळते हे दाखवण्यासाठी त्यांनी तो रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे नियम बदलत गेले आणि सगळ्यांना कंगाल करणारा तोच विजेता, एवढेच उरले. हेतू एक आणि नियमांची शिकवण दुसरी, असे होऊ नये म्हणून काय करायचे, हे विद्यापीठात शिकायचे असते.

त्याला जोडून येते ती पडताळणी. कर्करोग झालेल्या तरुण रुग्णांसाठी २००६ मध्ये ‘री-मिशन’ हा खेळ आला. खेळणारी मुले औषधे अधिक नियमितपणे घेतात का, हे ३४ वैद्यकीय केंद्रांतील ३७५ रुग्णांवर तपासले गेले, आणि घेतात असे दिसून आले. प्रथिनांच्या रचनेची कोडी सोडवायला लावणाऱ्या ‘फोल्डइट’ या खेळाची गोष्टही अशीच आहे. माकडांना होणाऱ्या एड्ससारख्या रोगाच्या विषाणूतील एका प्रथिनाची रचना वर्षानुवर्षे उलगडत नव्हती; २०११ मध्ये हा खेळ खेळणाऱ्यांनी तिचा नमुना सुमारे तीन आठवड्यांत तयार करून दिला. खेळ आवडला, एवढे म्हणून या विषयात भागत नाही. त्याने काय बदलले ते दाखवावे लागते. म्हणून मानसशास्त्र, मुलाखती घेणे, आकडेवारी वाचणे हे सगळे अभ्यासात येते.

प्रवेशाविषयी सांगायचे तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनमध्ये एम.डेस. (डिझाइनमधील पदव्युत्तर पदवी) करता येते, अभ्यासक्रम अडीच वर्षांचा असून त्यासाठी डॅट ही संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात सीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. तेथे इंटरॅक्शन डिझाइन घेऊन प्रकल्प खेळांवर करणे शक्य आहे. परदेशात कार्नेगी मेलन विद्यापीठाचा एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बव्हंशी गटप्रकल्पांवर चालतो. या परीक्षांत रेखाटन असते, पण सुबक चित्रापेक्षा कल्पना कागदावर स्पष्ट उतरली का, याला महत्त्व आहे. त्यामुळे रोज अर्धा तास हात चालवा, म्हणजे ती भीती जाईल.

मात्र अर्ज करण्याआधी एक गोष्ट कराच. संगणक बंद ठेवून हा खेळ पुठ्ठ्यावर मांडा आणि पुरात राहिलेल्या माणसांना खेळायला बसवा. ती खेळत असताना एक शब्दही समजावून सांगू नका, नुसती वही घेऊन शेजारी बसा.

शिरोळची शिक्षिका

मी माध्यमिक शाळेत शिकवते, म्हणून वर्गातला अनुभव सांगते. आमच्याकडे गणिताचा एक शैक्षणिक खेळ आणला होता. गणित सोडवले की फुगे फुटायचे. मुलांना तिसऱ्याच दिवशी कळले की चारही उत्तरे भराभर दाबली तरी फुगा फुटतोच, आणि त्यानंतर गणिताकडे कोणी पाहिलेच नाही. वर ‘मोक्षपट’ यांनी नियमांबद्दल जे लिहिले आहे, ते मी या फुग्यांमध्ये प्रत्यक्ष पाहिले. तुमचा खेळ तयार झाला, तर आमच्या नववीच्या वर्गात जरूर घेऊन या. आमच्या तालुक्यातील मुलांना पूर सांगावा लागत नाही.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सल्ल्याप्रमाणे पुठ्ठ्यावर खेळ केला आणि काल रात्री तो चिखलीच्या आत्याला खेळायला दिला. प्रत्येक फेरीत एक चिठ्ठी उचलायची, पाणी एक किंवा दोन फूट चढते, आणि प्रत्येक खेळाडूने घरातली माणसे, धान्य, जनावरे यांपैकी काय हलवायचे ते ठरवायचे. गुण मी फक्त माणसांना ठेवले होते. आत्याने पहिल्याच फेरीत दोन्ही म्हशींच्या सोंगट्या उचलून माळावर नेऊन ठेवल्या, मग वैरणीची सोंगटी तिकडे नेली, आणि स्वतःची सोंगटी घरातच ठेवली. पाणी ४४ फुटांवर गेले आणि माझ्या नियमाप्रमाणे ती हरली. तिने पटाकडे पाहिले आणि म्हणाली, “म्हशी सोडून कोण जातंय रे? तुझा खेळच चुकलाय.”

मला वाटत होते की माणसे धोका ओळखत नाहीत म्हणून थांबतात. तिला धोका पुरेपूर ठाऊक होता. पण जनावरांना बांधायला जागा आणि वैरण मिळेल याची खात्री तिला नव्हती. आता ‘छावणी’ अशी एक नवी चौकट घालून गुणांची पद्धत बदलतो आहे. वडीलही रात्री उशिरापर्यंत पटाशेजारी बसून होते, आणि छावणीत किती जनावरे मावावीत यावर त्यांनीच मला दोनदा दुरुस्त केले.

मोक्षपट

आत्यांचे वाक्य तारखेसह वहीत जसेच्या तसे लिहून ठेवा आणि पहिला चुकलेला पुठ्ठा फेकू नका. मुलाखतीच्या वेळी जुना पट, नवा पट आणि मधली ही नोंद, असे तिन्ही सोबत न्या. पुढची फेरी शिरोळच्या नववीच्या वर्गात घ्या, पण छावणीचे नियम त्याआधी आत्यांना पुन्हा एकदा दाखवा.