किडे वाचवायला एवढे पार्टनर कशाला लागतात?

भुंगेरा:
बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. नष्ट होत आलेल्या किड्यांसाठीचे जे प्रोजेक्ट असतात त्यात बघावं तर झू, युनिव्हर्सिटी, सरकारी खातं, एनजीओ, शेतकरी, सगळेच असतात. वाघाचं समजू शकतो, त्याला जंगलच्या जंगल लागतं. पण फुलपाखरू? लॅबमध्ये अळ्या वाढवा न् द्या सोडून. मीटिंगांपेक्षा स्वस्त नाही का पडणार?

निवांत:
सोडून द्या, पण कुठे? मेख तिथेच आहे रे. ब्रिटनचं लार्ज ब्लू फुलपाखरू घे. त्याची अळी आधी रानटी थाईम या सुगंधी झुडपाच्या फुलांवर असते, दोनतीन आठवड्यांनी जमिनीवर पडते, मग एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात उचलून नेतात आणि ही बया तिथे जवळपास दहा महिने त्यांचीच पिल्लं खाऊन गलेलठ्ठ होते! त्या मुंगीला उन्हाने तापलेली जमीन हवी, म्हणजे गवत दोनतीन सेंटिमीटरच. लोकांनी काय केलं, तर फुलपाखरं पकडणाऱ्यांना अडवायला कुंपणं घातली. गुरंही बाहेर राहिली, गवत माजलं, मुंगी गेली. त्यात १९५० च्या दशकात रोगाने ससे मेले, म्हणजे उरलंसुरलं गवत खाणारेही गेले. कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी हे मुंगीचं कोडं सोडवेपर्यंत उशीर झालेला, १९७९ ला ते ब्रिटनमधून संपलं. १९८३ पासून स्वीडनहून आणून परत वसवलं ते टिकलं, कारण कुरणं नीट चरवून घेतलेली होती. आता गुरं काय लॅबवाला राखणार?

काडीकिडा_फॅन:
निवांत, पटलं, पण लॅब-झूला इतकं हलक्यात घेऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर १९१८ मध्ये अडकलेल्या जहाजातून उंदीर उतरले आणि तिथला तळहाताएवढ्या लांबीचा काडीकिडा साफ झाला. २००१ मध्ये जवळच्याच बॉल्स पिरॅमिड नावाच्या खडकावर थोडे सापडले. २००३ मध्ये तिथून दोन जोड्या आणल्या, त्यातली मेलबर्न झूमधली मादी मरायला टेकली तेव्हा कॅल्शियम आणि मधुरसाचं मिश्रण थेंबाथेंबाने पाजून तिला जगवलं. पण किडे बेटावर परत सोडायचे तर आधी उंदीर जायला हवेत, आणि ते मारायची मोठी मोहीम निघाली थेट २०१९ ला, कारण तिथे माणसं राहतात, विष टाकायचं तर त्यांना पटायला नको?

भुंगेरा:
ओके, लॅबचा मुद्दा मागे घेतो. पण मग सगळे एकत्र आले की जमतंच असं आहे का?

मधमाशी७:
छे. शॉर्ट-हेअर्ड बंबलबी म्हणून मोठी रानमधमाशी आहे, ब्रिटनमध्ये २००० ला नामशेष जाहीर झाली. २०१२ पासून स्वीडनहून राण्या आणल्या, परजीवी तपासून सोडल्या, ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांनी फुलांचे पट्टे राखले, तरी तिची वस्ती काही टिकली नाही. पण त्याच पट्ट्यांवर दुसऱ्या दुर्मिळ बंबलबी वाढल्या. मी तरी याला फेल म्हणणार नाही, डोनर काय म्हणतील ते सोडा.

निवांत:
+१. माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीने फिरतं. फंडिंग दोनतीन वर्षांचं, गवत मात्र दरवर्षी वाढतं. त्यामुळे असला प्रोजेक्ट दिसला की लोगो मोजत बसू नये, पैसे संपल्यावर तिथे गुरं कोण चारणार ते आधी विचारावं, आणि त्याचं नाव पार्टनरांच्या यादीत आहे का ते बघावं.