मराठी शाळेत प्रकल्प घ्यावेत का? बडोद्याचा अनुभव

न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत नऊ ते बारा वयाची मुलं आहेत. घरी मराठी कानावर पडते, बरीचशी समजतेही, पण तोंड उघडलं की इंग्रजी. धडा वाचून घेतो, शब्दार्थ लिहून घेतो, रिकाम्या जागा भरून घेतो आणि पुढच्या रविवारी पाटी कोरी. या वर्षी पुस्तकाच्या जोडीला एखादा मोठा प्रकल्प घ्यावा असं आम्हा शिक्षिकांच्या मनात आहे. मागे 'महाराष्ट्रातील किल्ले' घेतला होता. तक्ते देखणे झाले, पण मुलं सगळा वेळ आपसात इंग्रजीतच बोलत होती आणि तक्त्यावरचा मजकूर बहुतेक आयांनी सांगितलेला होता. प्रकल्पातून भाषा खरंच येते का? कुणी करून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.

बडोद्याहून

ताई, नमस्कार.

लेकीमुळे मी या ई-मेल यादीवर आहे. राहते बडोद्यात, दांडिया बाजारात. इथे आम्ही शनिवारी मराठीचा वर्ग घेतो. मुलं मराठी घरांतली, पण शाळा गुजराती माध्यमाची, खेळ गुजरातीत, कार्टून हिंदीत. त्यामुळे घरची भाषा असूनही मराठी त्यांना दुसरी भाषा म्हणूनच शिकवावी लागते.

माझं मत आधी सांगते. प्रकल्पाचा विषय मराठी असून भागत नाही, त्या कामाला मराठीची गरज लागली पाहिजे. तुमचा किल्ल्यांचा तक्ता वाचणार कोण होतं? ज्यांना किल्ले आधीच माहीत आहेत असे आईवडील. मराठीशिवाय ज्याचं अडेल असा माणूस दुसऱ्या टोकाला हवा.

आम्ही कमाटीबाग घेतली. कागदोपत्री ती सयाजीबाग, १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी उघडलेली. सुट्टीत नाशिक-पुण्याहून पाहुणे येतात, त्यांना गुजराती पाट्या वाचता येत नाहीत. त्यांच्यासाठी मुलांनी मराठीत एक माहितीवही करायची असं ठरलं. बागेजवळच्या 'काळा घोडा' पुतळ्यापासून निघायचं, कुठे वळायचं, काय बघायचं, कुठे बसून खायचं, सगळं त्यात हवं.

पहिल्याच पानावर एका मुलीने लिहिलं, 'तू डावीकडे जा.' शेजारचा मुलगा म्हणाला, 'अगं, हे माझी मोठी मावशी वाचणार आहे ना?' झालं, त्या दिवशीचा पाठ तिथेच ठरला: जा, या, वळा, थांबा, विचारा. पुस्तकात आज्ञार्थ बराच पुढे आहे, पण मुलांना तो आत्ता हवा होता, म्हणून आत्ताच घेतला. मग कच्चा मजकूर तपासायला बागेत गेलो. एका गटाने लिहिलेला कागद दुसऱ्या गटाच्या हातात द्यायचा आणि त्यांनी लिहिलंय तसंच्या तसं चालायचं. लिहिणाऱ्यांनी आणि एका पालकाने मागोमाग यायचं, पण बोलायचं नाही. चालणारी मुलं बागेतल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून सरळ पलीकडे निघाली. कागदावर 'पुलाच्या पलीकडे वळा' होतं, लिहिणाऱ्यांच्या मनात 'अलीकडे' होतं. मागून येणाऱ्यांची जी तगमग झाली ती बघण्यासारखी होती! शेवटी एकाला राहवलं नाही, 'अरे अलीकडे, अलीकडे!' म्हणून तो ओरडलाच. अलीकडे-पलीकडे मी फळ्यावर बाण काढून पुष्कळदा सांगितलं होतं. पूल समोर आल्यावर ते पुन्हा सांगावं लागलं नाही.

संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, तिथून मुलं हलेनात. मगरींवर तर प्रत्येकालाच पान लिहायचं होतं, कारण विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्या गावात शिरल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. गुजरातीच्या सवयीने सगळ्यांनी 'मोठा मगर' लिहिलं. तेव्हा लिंगाचा तक्ता पाठ न करवता फक्त त्यांच्याच पानांवरचे शब्द फळ्यावर घेतले: ती मगर, तो सांगाडा, ते झाड, ती नदी. एका शनिवारी एवढंच.

आपसात बोलण्याबद्दल विचारलंत. आमची मुलं कामाच्या भरात गुजरातीच बोलतात आणि मी ते बंद करत नाही. बंद केलं की ती गप्प होतात, मराठी काही बोलत नाहीत. बेत हव्या त्या भाषेत आखू देते, पण गटाचं काम वर्गाला सांगायचं ते मराठीत. शिवाय कामात घडोघडी लागणारी वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून मधोमध ठेवते: 'आता माझी पाळी', 'कात्री दे ना', 'मला हे पटत नाही', 'पुन्हा सांग', 'हे खोडूया'. ही वाक्यं लवकर तोंडात बसतात, भांडणातली सगळ्यांत आधी.

टोरांटोहून

काकू, वाचून छान वाटलं, पण बाप म्हणून शंका विचारतो. प्रकल्प म्हटला की आमच्या घरी रात्री आम्हीच कापाकापी करत बसतो. शाळा आठवड्यातून दीड तास, वर्षाअखेर परीक्षा. जोडाक्षरं, विभक्ती, काळ यांना वेळ कधी मिळणार? आणि गटात एकच चुणचुणीत मुलगी सगळं करते, बाकीचे रंगवतात. मुलं रमतात हे मान्य, पण रमली म्हणजे शिकली असं नाही ना?

बडोद्याहून

दादा, तुमची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर तुमच्याच देशात मिळतं. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणारी इंग्रजीभाषक मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत-वाचत होती. समज उत्तम होती, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण कच्चं राहत होतं. त्यावरून तिथल्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की ऐकून समजणं पुरत नाही. मुलाला स्वतः नेमकं बोलावं-लिहावं लागलं की आपल्याला काय येत नाही हे त्याच्या लक्षात येतं. आपल्या घरांतलं 'समजतं पण बोलत नाही' हेच आहे. त्याआधी, १९७९ पासून, इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजीचे वर्ग नकाशे आणि रेल्वेच्या वेळापत्रकावरचे प्रश्न सोडवत घेतले होते. तिथे भर होता तो व्याकरणावर नाही, तर डोकं अर्थामध्ये गुंतण्यावर. मला दोन्ही हवंय. आधी काम, आणि काम जिथे अडेल तिथे व्याकरण.

आता तुमच्या अडचणी. कागद घरी न्यायचाच नाही, हा आमचा पक्का नियम आहे. जे काही होईल ते वर्गात. त्यामुळे तक्ते साधे होतात, थोडे वाकडेही, पण मजकूर मुलांचा असतो. गटात प्रत्येकाचं एक पान स्वतःचं, आणि शेवटी कागद बाजूला ठेवून त्या पानाबद्दल माझ्याशी एकट्याने बोलायचं. दुसऱ्याने लिहून दिलेलं तिथे लगेच कळतं.

जोडाक्षरांसाठी मुलाखत घ्या. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मराठी आजोबांशी मुलं बोलली. आधी वर्गात प्रश्नांची तालीम घेतली. 'का' लावून विचारलं की 'हो' म्हणून गाडी थांबते, म्हणून 'कसं', 'कधी', 'कशामुळे' लावायचं. 'जरा हळू सांगाल का?' हे सगळ्यांनी घोकलं. मग फोनवर घेतलेल्या आवाजातलं फक्त एक मिनिट शब्दन् शब्द उतरवायचं. 'त्याच्या', 'पुन्हा', 'संग्रहालय' कसं लिहायचं हे विचारायला मुलं स्वतः उठून येतात. एका मिनिटाला पूर्ण तास जातो, आणि तो जाऊ द्यावा.

आणि पुस्तक सोडू नका. आम्हीही सोडलेलं नाही. एक शनिवार पुस्तक, एक शनिवार वही.

न्यू जर्सीहून

काकू, हे सगळं करायचंय. पण मराठीशिवाय अडेल असा माणूस मी इथे कुठून आणू? आमच्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांनाही इंग्रजी येतं, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक आहे.

बडोद्याहून

ताई, माणसं माझ्याकडे आहेत. आमच्या मुलांचं इंग्रजी जेमतेम, तुमच्या मुलांना गुजराती येत नाही. दोघांना समजणारी एकच भाषा उरते, मराठी. तुमची मुलं आपल्या गावातली एक जागा आमच्या मुलांना समजावून देतील, वाचनालय म्हणा, बर्फाचं मैदान म्हणा. आमची कमाटीबाग पाठवतील. समजलं नाही तिथे खूण करून प्रश्न विचारायचे, आणि उत्तरही मराठीतच. वेळेचं गणित जमत नाही, म्हणून फोन नको, हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो आणि आवाजाच्या छोट्या फिती पाठवूया.

पहिली पानं पुढच्या शनिवारनंतर धाडते. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते, त्यामुळे आमच्या मुलांची शिरोरेषा सुटलेली दिसेल. ती तुम्ही दुरुस्त करू नका. वाचता आलं नाही तर तुमच्या मुलांनाच तसं कळवू द्या. तुमच्याकडून किती मुलं आणि कोणत्या वयाची, तेवढं कळवा म्हणजे जोड्या लावते.